गोठवलेल्या मूळपेशी, दहा मिनिटांची पिशवी आणि घरचे शंभर दिवस

मायलोमा किंवा लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगांत रुग्णाच्याच मूळपेशी (ज्यांपासून रक्तातल्या सगळ्या पेशी तयार होतात त्या) काढून गोठवून ठेवतात आणि जबर मात्रेच्या केमोनंतर त्या त्याला परत देतात. 'प्रत्यारोपण' हा शब्द ऐकला की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर उभे राहते, पण यात शस्त्रक्रिया काहीच नसते. तळहातापेक्षा थोडी मोठी, फिकट तांबूस द्रवाची पिशवी येते, रक्ताच्या पिशवीसारखी टांगली जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत रिकामी होते. यवतमाळकडच्या एका कास्तकाराच्या मुलाने ते पाहून मला विचारले होते, "सिस्टर, झालं का जी? एवढ्यासाठी बाबाले इतले दिवस ठेवलं?"

झाले नव्हते, खरे काम तेव्हा सुरू होत होते. प्रत्यारोपण कक्षात परिचारिका म्हणून काढलेल्या वर्षांत मी जे पाहिले, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. पेशी गोठलेल्या असतात तोवर वेळ कुटुंबाच्या हातात असतो आणि केमोचा मोठा डोस शरीरात गेला की तो हातातून सुटतो. म्हणून घर, पाणी, गाडी, जवळचा डॉक्टर, पैसा यांची जुळवाजुळव त्याआधी व्हायला हवी. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे आणि तो रुग्णाच्या स्वतःच्या पेशींच्या प्रत्यारोपणापुरता आहे. भाऊ-बहिणीच्या किंवा इतर दात्याच्या पेशी घेणाऱ्यांचे नियम याहून कडक असतात आणि त्यांची औषधेही वेगळी असतात.

पेशी गोठतात म्हणजे काय होते

मूळपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ भागात राहतात. त्यांना रक्तात आणण्यासाठी चार-पाच दिवस फिलग्रास्टिमची इंजेक्शने देतात. या दिवसांत कंबर, मांड्या आणि छातीचे हाड ठणकते. ते अपेक्षित असते. मग यंत्रावर चार ते सहा तास रक्त फिरवून पेशी वेगळ्या काढतात. रक्त गोठू नये म्हणून त्यात मिसळलेल्या सायट्रेटमुळे शरीरातील कॅल्शियम उतरते आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. ते लगेच सांगावे, कारण कॅल्शियम दिले की बरे वाटते. पण 'सिस्टरला कशाला त्रास द्यायचा' म्हणून गप्प बसणारी माणसे आपल्याकडे फार.

येथे पूर्व विदर्भासाठी एक इशारा द्यायलाच हवा. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो आणि सिकलसेलच्या रुग्णाला फिलग्रास्टिम दिल्यास जिवावर बेतणारा वेदनेचा झटका येऊ शकतो. घरात कोणाला सिकलसेल असल्याचे माहीत असेल, लाल किंवा पिवळे कार्ड मिळालेले असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये.

मोजणी सीडी-३४ या खुणेच्या पेशींची होते. शरीराच्या दर किलोमागे किमान २० लाख पेशी लागतात आणि ४० ते ५० लाख मिळाल्या तर डॉक्टर निश्चिंत होतात. गोठवताना खरी अडचण पाण्याची असते, कारण पेशीतील पाण्याचा बर्फ झाला की त्याचे अणकुचीदार स्फटिक पेशी आतून फाडतात. म्हणून त्यात सुमारे १० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड घालतात. कक्षात सगळे त्याला 'डीएमएसओ' म्हणतात. हे रसायन पेशीत शिरून स्फटिक होऊ देत नाही. त्याचा हा गुण १९५९ मध्ये लक्षात आला आणि आजही काम त्याच्यावरच चालते. पिशवी मिनिटाला १ ते २ अंश इतक्या संथ गतीने थंड करतात आणि मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांच्याही खाली ठेवतात. काही केंद्रे उणे ८० अंशांचे फ्रीझर वापरतात. नायट्रोजनच्या थंडीत पेशींचे वय जवळपास थांबते आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात.

एक अपवाद आहे. मायलोमात केमो एकाच दिवसात संपते, त्यामुळे भारतातील अनेक केंद्रे पेशी न गोठवता ४ अंशांवर सुमारे ७२ तास ठेवून परत देतात. तुमच्या केंद्राची पद्धत ही असेल, तर वितळवण्याचा भाग तुम्हाला लागू नाही आणि तारीख पुढे ढकलण्याची सोयही उरत नाही.

तारीख ठरण्यापूर्वी विचारायचे आणि करायचे

पेशी ठेवणाऱ्या विभागाला पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे फाइलमध्ये लिहून घ्यावीत: एकूण पिशव्या किती, प्रत्येकीत किती मिलिलिटर, दर किलोमागे सीडी-३४ पेशी किती, आणि नमुन्याची छोटी कुपी वितळवून जिवंत पेशींचे प्रमाण तपासले आहे का. गोठवण्यात आणि वितळण्यात काही पेशी मरतातच. म्हणून जुन्या कागदावरच्या आकड्यापेक्षा वितळल्यावर किती जिवंत राहतात हा आकडा कामाचा असतो. पिशवीवरील नाव आधार कार्डाशी आणि नोंदणी क्रमांक दवाखान्याच्या फाइलशी जुळतो का, हेही आधी पाहावे. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरे आणि दवाखान्यात तिसरेच, हा घोळ प्रत्यारोपणाच्या दिवशी निस्तरता येत नाही.

तारखेबाबत डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. आजार आटोक्यात असेल तर दोन-चार आठवडे मागेपुढे करायला त्यांची बहुधा हरकत नसते, मात्र निर्णय त्यांचाच. दवाखान्यात सुमारे तीन आठवडे आणि पुढे दवाखान्याजवळ दोन-तीन आठवडे राहणे धरले, तर रुग्ण गावी पोचतो तो पाच-सहा आठवड्यांनी. त्या वेळी गावात काय चालू असेल, हे उलट मोजावे. एप्रिलमध्ये भरती झालेला माणूस मेच्या शेवटी, पारा ४५ अंशांवर असताना घरी येतो. ऑगस्टमध्ये गेलेला सप्टेंबर-ऑक्टोबरात, पऱ्हाटीवर फवारणी चालू असताना आणि सोयाबीन काढणीच्या तोंडावर परततो. डिसेंबरात गेला, तर तुरीच्या थ्रेशरची धूळ दारात असते. निर्धोक महिना असा नाहीच. कोणत्या महिन्यातला धोका आपल्या घराला टाळता येईल, एवढेच ठरवायचे असते.

पैशाचे काम या टप्प्यावरच उरकावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांतून तुमच्या केंद्रात नेमका कोणता भाग मिळतो, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही भरती होण्यापूर्वी करावा. रेल्वेत कर्करुग्णाला तिकिटात मोठी सवलत आहे. तिचा फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यासह मिळतो. मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा जुना आधार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या माणसाच्या नावाची ती वास्तू मुंबईत आपल्याकडच्या कर्करुग्णांच्या इतकी उपयोगी पडते, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते.

रक्त देणारी माणसेही आधी ठरवावीत. प्लेटलेट्ससाठी यंत्रावर बसण्याची तयारी असलेले तीन-चार निरोगी जण हाताशी असावेत. बंद, यात्रा किंवा पेरणी आडवी आली की ऐन वेळी कोणी मिळत नाही. वय लहान असेल तर वीर्य किंवा स्त्रीबीज जतन करण्याबद्दल केमोआधीच विचारावे, कारण नंतर मूल होण्याची शक्यता फार कमी होते. हा विषय सासऱ्यांसमोर निघत नाही, म्हणून डॉक्टरांना वेगळे भेटून विचारावे.

घर तयार करणे

याची आखणी केमोआधीच झालेली असावी; प्रत्यक्ष काम रुग्ण दवाखान्यात असताना करायचे असते आणि तो येण्याच्या किमान आठवडाभर आधी संपवायचे असते, कारण साफसफाईत उडालेली धूळ बसायलाही वेळ लागतो. धूळ, ओल आणि कुजणारा पाला यांत अस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणूस ते रोज श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही. प्रत्यारोपणानंतर हेच बीजाणू फुप्फुसात रुजतात.

रुग्णासाठी गोठ्यापासून दूरची, उन्हाची आणि फरशीची खोली निवडावी. फरशी नसेल तर त्या खोलीला शेणाचे सारवण सहा महिने बंद ठेवावे आणि जाड प्लास्टिकचे जाजम अंथरावे. कुटार (भुसा), ढेप (सरकीची पेंड), कापसाचा ढीग, धान्याची पोती आणि जुने कागद त्या खोलीतून हलवावेत. कापूस घरात साठवण्याची रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की 'तो तर कोपऱ्यात आहे' म्हणून तो तसाच राहतो. तो ढीग हलवताना तंतू आणि धूळ उडते, म्हणून हे काम रुग्ण येण्यापूर्वीच संपवावे. घराचे बांधकाम, घरकुलाचा दुसरा हप्ता, भिंत पाडणे, काहीही त्या काळात चालू नसावे.

कूलरबद्दल सविस्तर सांगते, कारण याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे गवताच्या ओल्या ताट्या व तळाशी साचलेले पाणी. बुरशीला आणि जंतूंना याहून चांगली जागा नाही. मे महिन्यात घरी गेलेल्या एका रुग्णाला मुलाने प्रेमाने नवा कूलर घेतला आणि ताट्या मात्र जुन्याच बसवल्या. तीन आठवड्यांनी तो बुरशीचा न्यूमोनिया घेऊन परत आला. कूलरवरूनच झाला असे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण त्या दिवसापासून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला मी कूलर बंद ठेवायला सांगते. ऐपत असेल तर एसी लावावा आणि त्याची जाळी दर पंधरा दिवसांनी दुसऱ्याने, दुसऱ्या खोलीत धुवावी. नसेल तर पंखा, छताखाली पांढरी चादर, खिडकीला हिरवी जाळी, अंग ओल्या फडक्याने पुसणे आणि दुपारी बाहेर न पडणे यांवर भागवावे.

पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसेच राहू द्यावे, झाकून गार करावे आणि तोटीच्या भांड्यात ठेवावे. माठात पेला बुडवण्याची सवय घरातल्या सर्वांनी सोडावी. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र उकळल्याने क्षार जात नाहीत. मायलोमात मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात, म्हणून तिथल्या रुग्णाने कोणते पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घरातल्या प्रत्येकाने फ्लूची लस घेतलेली असावी आणि कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याच्या थुंकीची तपासणी आधी व्हावी. बाळाला पोलिओचे थेंब दिले असतील, तर काही आठवडे त्याचे लंगोट रुग्णाने बदलू नयेत आणि शी-शूला हात लावू नये, कारण त्या लसीतला जिवंत विषाणू बाळाच्या विष्ठेतून बाहेर पडतो. मच्छरदाणी बारमाही हवी. गडचिरोलीकडच्यांना हे वेगळे सांगायला नको.

शेवटी गाडी. रात्री दोन वाजता ताप आला तर कोणाची गाडी, कोण चालवणार आणि पावसाळ्यात पुलावर पाणी असेल तर कोणत्या रस्त्याने, हे तिघांच्या मोबाइल नंबरांसह दाराच्या मागे लिहून ठेवावे.

पिशवी वितळवण्याचा दिवस

मायलोमात मेल्फालन हे औषध शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळाला २०० मिलिग्रॅम देतात. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा वय जास्त असेल तर १४०. औषध चालू असताना आणि त्याच्या आगेमागे तोंडात बर्फ धरायला सांगतात, तो कंटाळून थुंकू नये. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचते आणि पुढचे फोड बरेच टळतात. औषध शरीरातून निघून जावे म्हणून साधारण एक दिवस थांबतात. मग पेशी देण्याचा दिवस येतो; त्याला 'शून्यावा दिवस' म्हणतात आणि पुढची सगळी गणती त्यावरून होते.

पिशवी कोठारातून निघते तेव्हा रुग्णाची तयारी पूर्ण झालेली असते. मानेजवळची मोठी नळी सुरळीत वाहते आहे, सलाइन चालू आहे, उलटी आणि अ‍ॅलर्जी रोखणारी औषधे देऊन झाली आहेत, ऑक्सिजन व नाडी मोजणारे यंत्र लावले आहे, डॉक्टर हजर आहेत, हे सगळे तपासल्याशिवाय पिशवी मागवायची नाही. वितळलेली पिशवी पुन्हा गोठवता येत नाही.

नायट्रोजनच्या टाकीतून धातूचा चपटा डबा बाहेर काढतात तेव्हा पांढरी वाफ जमिनीकडे घरंगळते. आतली पिशवी काचेसारखी ठिसूळ असते, बोटाच्या टिचकीनेही तडकू शकते. दोन जण नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्तगट मोठ्याने वाचतात, एक जण पिशवीवरून आणि दुसरा रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवरून. मग ती दुसऱ्या निर्जंतुक पिशवीत घालून ३७ अंशांच्या पाण्यात सोडतात, म्हणजे आतली पिशवी फुटली तरी पेशी वाया जात नाहीत. पाण्यात ती हळुवार हलवत राहायचे असते, दाबायचे नसते. दोन-तीन मिनिटांत कडा वितळतात आणि मधे सुपारीएवढा बर्फ उरतो. तेव्हाच बाहेर काढायची. हळू वितळू दिले तर स्फटिक पुन्हा वाढतात आणि पूर्ण कोमट होऊ दिले तर ज्या डीएमएसओने पेशी वाचवल्या तेच त्यांना इजा करू लागते. म्हणून इथे सगळी घाई मिनिटांची असते.

पिशवी लगेच टांगून रक्ताच्या साध्या जाळीच्या संचातून मोकळी सोडतात. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर इथे कधीही लावत नाहीत, नाहीतर मूळपेशीच त्यात अडकतील. एका दिवसात डीएमएसओ दर किलोमागे एका ग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, असा दंडक आहे. १०० मिलिलिटरच्या पिशवीत ते सुमारे ११ ग्रॅम असते, म्हणजे ५० किलोच्या माणसाला एका दिवसात अशा चार पिशव्या बसतात. पिशव्या जास्त असतील तर उरलेल्या दुसऱ्या दिवशी देतात. हा हिशेब नातेवाइकांना माहीत असला की 'अर्ध्या पेशी का ठेवल्या' ही धास्ती उरत नाही.

या वेळी घशात खवखव होते, खोकला येतो, मळमळते, चेहरा तापतो, कधी नाडी मंदावते. छातीत दाटले किंवा श्वास अडला तर ताबडतोब सांगावे. लिमलेटची गोळी तोंडात धरल्याने बरे वाटते, आणि काही कक्षांत संत्र्याची ताजी फोड हुंगायला देतात. विदर्भातल्या माणसाला हा उपाय समजावून सांगावा लागत नाही. पुढचे एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला आणि घामाला लसणासारखा वास येतो. तो डीएमएसओ बाहेर पडत असल्याचा असतो. पहिल्या दिवशी लघवी तांबूस झाली तर तेही सांगावे. पिशवीतल्या फुटलेल्या तांबड्या पेशींचा रंग त्यात उतरतो आणि बहुधा एका दिवसात निवळतो.

रिकामे दिवस आणि रिपोर्ट वाचणे

मूळपेशी रक्तातून फिरून अस्थिमज्जेत आपली जागा शोधतात, पण उगवायला वेळ घेतात. साधारण सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात. या दिवसांत तोंड येते, जुलाब होतात, केस गळतात आणि ताप बहुतेकांना येतोच. खर्रा खाणाऱ्याने तो आधीच सोडलेला असावा. सोललेल्या तोंडाला तंबाखू-सुपारीसारखा दुसरा वैरी नाही. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या कराव्यात, ब्रश मऊ असावा, दाढी वस्तऱ्याने करू नये.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असे म्हणतात. हे बहुधा दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान होते. त्याच सुमारास ताप, अंगावर पुरळ आणि धाप एकदम आली तर ती पेशी रुजतानाची प्रतिक्रियाही असू शकते. ठरवायचे ते डॉक्टरांनी. प्लेटलेट्स थोड्या उशिरा, बाहेरून न देता २०,००० च्या वर टिकू लागतात.

हा हिशेब घरच्या एकाने तरी शिकून घ्यावा, कारण पुढच्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये होतील. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर १,२०० चे ३० टक्के म्हणजे ३६०. हा आकडा ५०० च्या खाली आहे, तेव्हा लगेच केंद्राला कळवायचे. एकूण पेशी 'नॉर्मल' आहेत एवढेच पाहून निश्चिंत होऊ नये.

घरी आल्यावर

घरी निघताना डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मागून घ्यावी. तिच्यात आजार, प्रत्यारोपणाची तारीख, चालू औषधे, ताप आल्यास कोणते प्रतिजैविक लगेच सुरू करावे, काय देऊ नये आणि केंद्राचा चोवीस तासांचा नंबर असावा. तिच्या तीन झेरॉक्स काढून एक रुग्णाच्या खिशात, एक घरी आणि एक गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात द्यावी. तिथल्या डॉक्टरांना रुग्ण चांगला असतानाच एकदा भेटून यावे.

ताप हे सर्वांत मोठे कलम. १००.४ अंश फॅरनहाइट तासभर टिकला किंवा एकदाही १०१ गेला, तर केंद्राला फोन करून निघायचे, सकाळची वाट पाहायची नाही. ताप मोजण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये. ताप झाकला जातो आणि जंतू पसरत राहतात. पहिले प्रतिजैविक शक्यतो तासाभरात शिरेतून जायला हवे, म्हणून आधी जवळच्या ठिकाणी तो डोस आणि मग नागपूरचा रस्ता, असा क्रम फोनवर विचारून ठरवावा. थंडी वाजून अंग कापत असेल तर पारा चढलेला नसला तरी तापच समजावा.

दुसरे, गावातले 'एक सुई मारून घ्या'. प्लेटलेट्स कमी असताना कमरेत दिलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साकळते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो आणि मायलोमाच्या मूत्रपिंडांना इजा होते. अंग दुखले म्हणून किराणा दुकानातली कोणतीही पुडी घेऊ नये. गुळवेलीचा काढाही नाही. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त किंवा प्लेटलेट्स लागल्या तर त्या किरणोत्सार देऊन सुरक्षित केलेल्याच हव्यात. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी आधीच चौकशी करून ठेवावी.

फिलग्रास्टिम घरी द्यायचे असेल तर ते फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवावे आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. भारनियमन असेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून, इंजेक्शनला बर्फ लागणार नाही अशा बेताने ठेवावी.

भेटायला येणारे हा आपल्याकडचा नाजूक विषय. आजारी माणसाला भेटायला न जाणे म्हणजे नाते तोडणे, अशी आपली समजूत, आणि ती वाईटही नाही. माझ्या अनुभवात चाललेला तोडगा असा की पाहुण्याने ओसरीवर बसावे, चहा घ्यावा आणि रुग्णाने खिडकीतून दोन शब्द बोलावेत. नकार द्यायचे काम सुनेवर टाकू नये. घरातल्या थोरल्याने ते करावे, म्हणजे बोल सुनेला लागत नाही. लग्न, तेरवी, भंडारा, आठवडी बाजार आणि एसटीचा प्रवास पहिले तीन महिने टाळावा.

जेवण

पूर्वी फारच कडक पथ्य असे. आता भर शिजवलेल्या, ताज्या आणि स्वच्छ हातांनी केलेल्या अन्नावर असतो, कारण नुसत्या बंदीने संसर्ग कमी होतो असे अभ्यासांत दिसले नाही, उलट माणसे खाणेच सोडून खंगतात. वरण-भात, मऊ भाकर दुधात कुस्करून, मुगाची खिचडी, पूर्ण उकडलेले अंडे, शिजवलेले चिकन हे उत्तम. थोडे थोडे दिवसातून सहा वेळा द्यावे. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत संपवावे. सकाळची भाजी संध्याकाळी नको. भाजीवर पेरलेला कच्चा सांबार (कोथिंबीर), कच्चा कांदा, उघड्यावरचा उसाचा रस, बर्फगोळा, पंचामृत आणि कच्चा मध बंद. दही-ताक केंद्राने परवानगी दिल्यावरच सुरू करावे. फळे जाड सालीची घ्यावीत: संत्रे, केळी. साल आधी धुऊन मग दुसऱ्याने सोलावी. चकोतरा (ग्रेपफ्रूट) आणि पपनस मात्र टाळावे, कारण काही औषधांची रक्तातली मात्रा त्यांनी बिघडते.

शेतावर परत

थकवा तीन ते सहा महिने राहतो. माणूस सकाळी बरा दिसतो आणि दुपारी आडवा होतो, त्यावरून त्याला आळशी ठरवू नये. पहिल्या आठवड्यापासून अंगणात दहा मिनिटे चालावे आणि रोज थोडे वाढवावे. पण मातीत हात, शेणखत, गोठा झाडणे, कुटार भरणे हे सहा महिने नाही. फवारणीच्या काळात तर धुऱ्यावरही जाऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट शेतकरी दगावले होते, हे विसरू नये.

संसर्ग टाळण्याच्या गोळ्यांपैकी अ‍ॅसायक्लोव्हिर साधारण वर्षभर आणि कोट्रायमोक्साझोल काही महिने चालते. 'आता बरं आहे' म्हणून ती बंद करू नयेत. अंगाच्या एका बाजूला आग होऊन पुरळ उठले तर ती नागीण असू शकते, त्याच दिवशी दाखवावे. मंत्र टाकून घेण्यात दिवस घालवू नये. मायलोमात शंभराव्या दिवसाच्या सुमारास रक्त आणि अस्थिमज्जा तपासून पुढची गोळी ठरते. ती बहुधा लेनालिडोमाइड असते आणि तिने गर्भात व्यंग येते, म्हणून गरोदर बाईने त्या गोळीला हातही लावू नये. जबर केमोने लहानपणीच्या लसींची प्रतिकारशक्तीही पुसली जाते. लसी सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान नव्याने सुरू होतात आणि गोवरासारख्या जिवंत विषाणूच्या लसी दोन वर्षांनंतरच देतात.

पिशव्या उरल्या असतील तर त्या कोठारात दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी ठेवलेल्या असतात आणि त्यांचे शुल्क दरवर्षी भरावे लागू शकते. रुग्णाने मोबाइलचा नंबर बदलला की कोठाराला संपर्क करता येत नाही, म्हणून नवा नंबर आणि घरातल्या दुसऱ्या एकाचा नंबर त्यांच्या नोंदवहीत लिहून द्यावा आणि लिहिल्याची पोच फाइलला लावावी.